माझा मुलगा दंगलीत कसा गेला? कोल्हापुरातल्या एका आईला उत्तर

एका आईने विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगा सतरा वर्षांचा, आयटीआयला फिटरचा ट्रेड करतो. गेल्या महिन्यात त्यांच्या भागात दोन गटांत दगडफेक झाली, सीसीटीव्हीत तो दिसला, पोलिसांनी घरातून नेला, आता निरीक्षणगृहात आहे. मालक, म्हणजे मुलाचे वडील, शिरोलीला फौंड्रीत कामाला, त्या स्वतः चार घरी चपात्या करतात. "घरात कधी कुणी शिवी दिली नाही. हा असा कसा गेला? आमचं काय चुकलं, का संगत वाईट लागली?"

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सव्वीस वर्षं मी अशाच मुलांबरोबर काम करतोय. आधी निरीक्षणगृहात समुपदेशक होतो, आता पेठांतल्या तरुण मंडळांत जाऊन बसतो. दगडफेकीत आलेली मुलं मी दोन्ही समाजांची पाहिली आणि त्यांच्या आयाही पाहिल्या. तुम्ही कोणत्या समाजाच्या ते मी इथं मुद्दाम लिहीत नाही. पुढचं सगळं दोघांनाही तसंच लागू आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. संस्कार कमी पडले, संगत बिघडली, हाताला काम नाही. तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे, पण त्या तिन्हींवर विसंबून मी कितीतरी वर्षं चुकीचं काम केलं. संस्कारांवर व्याख्यानं दिली, संगत तोडायला मुलांना मामाच्या गावाला पाठवायला सांगितलं. एका मुलाने माझे डोळे उघडले, म्हणून त्याचं सांगतो.

2021 च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. पाणी तिच्याही वर गेलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सुतारवाड्यातली घरं आधी रिकामी होतात, माणसं दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात येतात, मग दुधाळी, मग शाहूपुरीतली कुंभार गल्ली. हे पोरगं तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यातून दुधाच्या पिशव्या आणि म्हाताऱ्यांची औषधं पोचवत होतं. पायाला काचेने चिरलं होतं, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून फिरत होतं. मीच त्याला ओरडून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवलं. दोन वर्षांनी, 2023 च्या जूनमध्ये, तेच पोरगं माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं आणि या वेळी समोर गुन्ह्याचा कागद होता. विटेचा अर्धा तुकडा एका दुकानाच्या शटरवर मारलेला. मी विचारलं, "मारताना काय वाटत होतं?" बराच वेळ गप्प बसला. मग खाली बघत म्हणाला, "सर, पुरात वाटलं होतं तसंच."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्याच्या तोंडून पश्चात्ताप तरी ऐकायच्या तयारीत होतो, नाहीतर द्वेष. त्याने सांगितलं ते वेगळंच होतं. पुरात आणि दंगलीत त्याला एकच गोष्ट मिळाली होती. सगळ्यांना आपण हवे आहोत, आपल्यावर काहीतरी अवलंबून आहे, आपण एकटे नाही, आणि आज आपल्याला "तू अजून लहान आहेस, गप बस" असं कुणी म्हणत नाही. पुरात ते काम त्याला मोठ्या माणसांनी दिलं. जूनमध्येही मोठ्या माणसांनीच दिलं. मधल्या दोन वर्षांत त्याला कुणीच काही दिलं नव्हतं.

माझं उत्तर या एका गोष्टीत आहे. बाकी जे लिहितोय ते याचाच उलगडा आहे.

2023 च्या जूनमध्ये झालं ते थोडक्यात सांगतो, कारण कोल्हापूरच्या सगळ्या घरांत ते अजून ताजं आहे. 6 जून म्हणजे शिवराज्याभिषेक दिन. त्या सुमारास काही मुलांनी मोबाइलवर औरंगजेब आणि टिपू सुलतान यांचं उदात्तीकरण करणारी स्टेटस ठेवली. त्याविरुद्ध हिंदुत्ववादी संघटनांनी 7 जूनला बंदची हाक दिली. शिवाजी चौकात गर्दी जमली, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर झाला, शहरातलं इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं होती, हे पोलिसांनीच सांगितलं. दगड मारणाऱ्यांतही मिसरूड न फुटलेली पोरं होती. म्हणजे दोन्ही टोकांना दहावी-बारावीच्या वयाची मुलं, आणि मध्ये त्यांना हाक देणारी, त्यांचे स्क्रीनशॉट फिरवणारी, चाळिशी ओलांडलेली माणसं.

लोक म्हणतात, गर्दीला डोकं नसतं. हे मीही पूर्वी म्हणायचो. पण गर्दीला डोळे असतात, ताई. गर्दी दुकानांचे बोर्ड वाचते. कुठल्या शटरवर दगड पडला आणि शेजारचं कुठलं सुटलं, हे दंगलीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून चालत गेलात तर दिसतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात 2 एप्रिल 1980 रोजी पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि तिथल्या कृष्णवर्णीय व गोऱ्या तरुणांनी मिळून दंगल केली. स्टीफन रायशर या मानसशास्त्रज्ञाने तिचा बारकाईने अभ्यास केला. त्याला दिसलं की गर्दी आंधळी नव्हती. पोलिसांवर आणि बँकांसारख्या ठिकाणी हल्ले झाले, वस्तीतली घरं सोडली गेली, आणि पोलीस त्या भागाबाहेर गेले तसं त्यांच्या मागे वस्तीची हद्द ओलांडून कुणी गेलं नाही. गर्दीत उभं राहिलं की माणूस स्वतःला विसरतो असं आपण समजतो. खरं तर त्या वेळी "आपण कोण" याचं उत्तर बदलतं. रोज तो फिटरचा विद्यार्थी, कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र असतो. त्या तासाभरात तो फक्त एका बाजूचा असतो, आणि त्या बाजूने जे बरोबर ठरवलं ते त्याला बरोबर वाटतं.

म्हणून "संस्कार कुठे गेले" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. संस्कार त्याच्याबरोबरच होते. घरच्या बाईमाणसाला धक्का लागू नये म्हणून त्याच गर्दीत याच पोरांनी साखळी केलेली मी पाहिली आहे. प्रश्न असा विचारावा की त्याच्या मनातल्या "आपण" मध्ये पलीकडच्या गल्लीतलं दुकान का नव्हतं.

याचं उत्तर मला आमच्या तालमींत सापडतं, आणि ते सांगताना मी भावनिक होतो, माफ करा.

कोल्हापूरला तालीम म्हणजे नुसता व्यायामाचा आखाडा नव्हता. गल्लीतलं पोरगं दहाव्या वर्षी हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायचं. पहाटे उठून माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, आणि वस्तादाने कान पिळला तर घरी सांगायचं नाही. माझ्या लहानपणी आमच्या तालमीचे वस्ताद मुसलमान होते आणि आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या बापांनाही त्यांनीच शिकवलं होतं. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी आजही गणपती आणि मोहरमचे पंजे शेजारी बसतात. 2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा कितीतरी तालमींनी एकाच मांडवात दोन्ही बसवले. बाहेरगावच्या लोकांना मी ते अभिमानाने दाखवलं. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी शिवाजी चौक घडला.

मी स्वतःला विचारलं, मांडव एक होता तर मनं का एक राहिली नाहीत? कारण मांडव दहा दिवसांचा असतो. वस्ताद तीनशे पासष्ट दिवसांचा होता. बहुतेक तालमींत आज हौदा बुजवून फरशी घातली आहे, आत कॅरम आहे, कोपऱ्यात साउंडचे बॉक्स आणि लायटिंगचं सामान. वस्ताद गेला आणि त्या जागी मंडळाचा अध्यक्ष आला. वस्तादाला मुलगा कधी झोपतो, काय खातो, कुणाशी भांडला हे माहीत असायचं. अध्यक्षाला मुलगा लागतो तो वर्गणीला, मिरवणुकीला आणि वाढदिवसाच्या बॅनरवर फोटोची ओळ भरायला. यात अध्यक्षाचा एकट्याचा दोष नाही. त्यालाही दिवसभर पोट आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या आणि चाळीस वर्षांच्या माणसाच्या मध्ये जी एक रोजची, रागावणारी, लक्ष ठेवणारी शिडी होती तिच्या पायऱ्या निघून गेल्या.

जुन्या तालमी म्हणजे शांततेची मंदिरं होती असं मात्र समजू नका. पेठ विरुद्ध पेठ मारामाऱ्या तेव्हाही व्हायच्या. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मोसमात काय होतं ते तुम्ही ऐकलंच असेल. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी मंडळ हे इथले संघ. सामना संपला की गॅलरीतून बाटल्या उडतात, कधी दगड. पण त्या भांडणात संघाच्या दोन्ही बाजूंना सगळ्या जातीधर्मांची पोरं असतात, आणि आठवडाभराने तेच गंगावेशीत दूध कट्ट्यावर एकमेकांना टपल्या मारत उभे असतात. त्या भांडणाला शेवट असतो. स्टेटसवरून झालेल्या भांडणाला शेवट नसतो, कारण समोरच्याशी दूध प्यायचा प्रसंग पुन्हा येत नाही. भारतातल्या शहरांचा अभ्यास करून राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हेच दाखवलं आहे. शेजारधर्म, सणाला शिरखुर्मा आणि फराळ यांची देवाणघेवाण चांगली, पण अफवेचा धक्का ती पेलेलच असं नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब, पक्ष अशा ठिकाणी दोन्ही समाजांची माणसं रोजच्या हितसंबंधाने बांधलेली असतील तर शहर टिकतं.

आपल्याकडे भिवंडीचं उदाहरण आहे. 1984 ला तिथं भीषण दंगल झाली होती. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, दुकानदार अशी साधी माणसं दोन्ही बाजूंनी घेतली, आणि ती नियमित भेटू लागली. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की समिती दंगल झाल्यावर बसली नाही, आधी बसत होती. आमच्याकडे शांतता समितीची बैठक सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात होते, चहा होतो, फोटो होतो. त्यात अठरा वर्षांचा एकही मुलगा मी पाहिलेला नाही.

आता तुमच्या मुलाच्या घराकडे, म्हणजे त्याच्या रोजच्या दिवसाकडे या.

फिटरचा ट्रेड म्हणजे दोन वर्षं. पुढे ॲप्रेंटिस, मग शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे. त्याच्या वडिलांना फौंड्रीत कायम होता आलं असेल, त्याला होता येईल याची खात्री त्याला नाही, आणि हे त्याला पंधराव्या वर्षापासून कळतं. त्याच्या वर्गातली निम्मी पोरं पहाटे पोलीस भरतीसाठी पळतात. दोन वर्षं, चार वर्षं पळतात. गल्लीतल्या थोरल्या भावांची लग्नं जमत नाहीत, कारण मुलीकडचे विचारतात नोकरी कायम आहे का, शेती किती, घर स्वतःचं का. हे सगळं तो ऐकत असतो. उपाशी कुणी नसतं, ताई. फार गरीब घरांतली मुलं माझ्याकडे दंगलीत कमी येतात, कारण ती कामाला लागलेली असतात. येतात ती वाट बघणारी मुलं. हातात मोबाइल आहे, गाडीला पेट्रोलपुरते पैसे आहेत, आणि समाजात जागा नाही. अशा मुलाजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच उरतं: इज्जत. आणि ती स्वतः मिळवलेली नसते, उसनी असते. राजाची, धर्माची, पेठेची, मंडळाच्या नावाची. उसनी असते म्हणून तिला फार जपावं लागतं. कुणी तिच्यावर शिंतोडा उडवला की त्याला खरोखरच आपल्या अंगावर थुंकल्यासारखं होतं. मोठ्यांना हा वेडेपणा वाटतो. त्याला नसतो वाटत.

मग मोबाइल. स्टेटस चोवीस तासांत जातं, पण त्याचा स्क्रीनशॉट जात नाही. रात्री दहा ते एक ही वेळ सर्वांत वाईट. घरचे झोपलेले, मुलगा पांघरुणात, आणि प्रत्येक ग्रुपवर तोच फोटो, सोबत कुणाचा तरी आवाज: "तुम्ही झोपा, आम्ही बघतो." हे "तुम्ही झोपा" वाक्य मी कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. त्याने झोप उडते. आणि खरं-खोटं तपासायला वेळ कुणाकडे? 2024 च्या जुलैत इंग्लंडमधल्या साउथपोर्टला लहान मुलींवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोराचं एक खोटं परकं नाव मोबाइलवर फिरलं आणि गावोगाव मशिदींवर आणि निर्वासितांच्या हॉटेलांवर तरुण चालून गेले. हल्लेखोर ब्रिटनमध्येच जन्मलेला होता. शिक्षण, पैसा, पोलीस, सगळं असलेल्या देशातही हेच.

परदेशातलं मी मुद्दाम सांगतो, कारण "आपल्याच पोरांना काय झालंय" ही खंत मला रोज ऐकू येते. पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-बुआमध्ये 27 ऑक्टोबर 2005 ला सतरा आणि पंधरा वर्षांची दोन मुलं पोलिसांना घाबरून पळाली, विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून गेली. फ्रान्समध्ये तीन आठवडे गाड्या जळत होत्या, सरकारला आणीबाणी लावावी लागली. लंडनच्या टॉटनहॅममध्ये 4 ऑगस्ट 2011 ला पोलिसांच्या गोळीने मार्क डगन हा तरुण मेला. दोन दिवसांनी घरचे आणि शेजारी शांतपणे पोलीस ठाण्यावर गेले, उत्तर मागत तासन्‌तास उभे राहिले. वरिष्ठ कुणी नीट बोललं नाही. अंधार पडला आणि पेटलं. तिथला राग सरकारवर होता, आपल्याकडे शेजाऱ्यावर वळवला जातो, हा मोठा फरक. पण दोन्हीकडे आधी एक लांब वाट बघणं आहे, ज्याला कुणी उत्तर देत नाही.

आपल्या शहरात उत्तर देणारा एक माणूस होता, भला-बुरा कसाही, तो म्हणजे नगरसेवक. कोल्हापूर महापालिकेची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढे पाच वर्षं प्रशासकच होता. नगरसेवकांबद्दल माझी मतं फार चांगली नाहीत. तरीही सांगतो, रात्री बाराला चौकात पोरं जमली की स्कूटरवरून येऊन, आईबहिणीच्या शिव्या देऊन, एकेकाला नावाने हाक मारून घरी पाठवणारा तोच असायचा. त्याला मतं हवी असायची, दोन्ही गल्ल्यांची. 2023 च्या जूनमध्ये तो नव्हता. याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं.

नावाने हाक मारणं का महत्त्वाचं, तेही सांगतो. 1978 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला. चौकात शंभर जण आहेत समजा. पहिला कुणाची वाट न बघता दगड मारतो. दुसरा एकाने मारला तरच मारतो. तिसरा दोघांनी मारला तर, चौथा तिघांनी. असं शंभरपर्यंत. पहिल्याने मारला की साखळी लागते आणि शंभरही मारतात. आता यातला फक्त दुसरा मुलगा काढा. आईने दूध आणायला पाठवला म्हणा. पहिला दगड मारतो, तिसरा दोघांची वाट बघत राहतो, आणि काहीच होत नाही. लोक घरी जातात, पेपरात एक ओळ येते. माणसं जवळजवळ तीच, स्वभाव तेच, पण एका ठिकाणी दंगल आणि एका ठिकाणी नुसती गर्दी. तुमचा मुलगा शंभरातला कितवा होता मला माहीत नाही. पहिला नव्हता, हे मी त्याला न बघता सांगतो. पहिल्याला सीसीटीव्ही कुठे आहे हे बहुतेक वेळा ठाऊक असतं.

आणि म्हणून मी मंडळांना सांगतो, पहिल्या मुलाच्या मागे लागू नका, तो पोलिसांचा विषय आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्याला काम द्या. आमच्या दोन मंडळांत आम्ही एवढंच केलं: तणावाची चाहूल लागली की पंधरा-वीस मुलांची यादी काढतो, आणि त्या संध्याकाळी प्रत्येकाला जबाबदारी देतो. कुणी शाळेच्या गेटवर, कुणी दवाखान्यात गाडी घेऊन, कुणी दुसऱ्या समाजाच्या म्हाताऱ्यांना घरी सोडायला. पुरातली यादीच वापरतो. पुरात दोर कुणी धरला, होडी कुणी ढकलली, ती नावं. ती पोरं जबाबदारी टाकून चौकात जात नाहीत. एकदा एक गेला. त्याला शिक्षा केली नाही, पुढच्या वेळी त्याला यादी करायला लावली.

1948 ची आठवण तुमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीला असेल. गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापुरात आणि आसपास ब्राह्मणांची घरं जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. तेव्हा मोबाइल नव्हता, औरंगजेबाचं स्टेटस नव्हतं. शाहू महाराजांना जाऊन तेव्हा जवळजवळ 26 वर्षं झाली होती. त्यांनी इथं मराठा, मुसलमान, जैन, लिंगायत अशा किती समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, आणि त्याच गावात हे झालं. एवढंच सांगायचंय की चांगल्या इतिहासाने गाव आपोआप सुरक्षित होत नाही. 2024 च्या जुलैत विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं आणि मशीद फुटली तेव्हाही "हे कोल्हापूर नव्हे" असं सगळे म्हणाले. ते कोल्हापूरच होतं.

आता तुमच्या हातातलं काम.

मुलगा अठराच्या आत आहे, म्हणजे त्याचा विषय 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळासमोर चालेल, मोठ्या आरोपींबरोबर एकत्र खटला चालणार नाही. त्याला बेडी घालता येत नाही, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळासमोर न्यावं लागतं. यातलं काही झालं नसेल तर वकिलाला सांगा, लपवू नका. जामीन मिळणं हा अशा मुलांच्या बाबतीत नियम आहे, नाकारायचा तर मंडळाला कारण लिहावं लागतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना आणि महिलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. एजंटाला एक रुपया देऊ नका. त्याच रात्री पकडलेला त्याचा एखादा मित्र अठरा वर्षं एक महिन्याचा असेल, तर त्याची गोष्ट फार वेगळी होणार आहे. नव्या न्याय संहितेत कलम 190 आहे, जुन्या दंड संहितेतल्या कलम 149 सारखंच: जमावाचा उद्देश एक ठरला की जमावातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे जबाबदार. पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी तिथं अडते आणि चार वर्षं पळालेला मुलगा घरी बसतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत कायदा सांगतो की अशा प्रकरणामुळे त्याला पुढे अपात्र ठरवता येत नाही. तरीही कुठलाही फॉर्म भरताना वकिलाला विचारून भरा.

तो घरी आल्यावर मारू नका. मालकांनाही सांगा. पण गोंजारूही नका, आणि कृपा करून हार घालायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. हे होईल, मी बघितलंय. दोन-तीन जण येतील, शाल आणतील, फोटो काढतील, "वाघ आहे आपला" म्हणतील. ज्या पोराला कुणी सतरा वर्षं विचारलं नाही त्याला ते किती गोड लागेल याचा विचार करा. तो फोटो त्याच्या जामिनापेक्षा जास्त दिवस त्याला चिकटेल. पुण्याला मावशीकडेही पाठवू नका. आयटीआय चालू ठेवा, प्राचार्यांना स्वतः भेटून सगळं खरं सांगा. आणि ज्या दुकानावर दगड पडला ते दुकान कुणाचं, हे त्याला माहीत करून घेऊ द्या. केस चालू असेपर्यंत वकिलाच्या सल्ल्याशिवाय तिथं माफी मागायला नेऊ नका, पण नाव तरी कळू दे. मी ज्या मुलाचं सांगितलं त्याला नंतर कळलं की ते शटर ज्यांचं होतं त्यांच्याकडूनच त्याची आई दर जूनला उधारीवर वह्या आणायची. चार दिवस तो जेवला नाही.

एक शेवटचं, भेटीच्या दिवसाचं. तुम्हाला "का केलंस" असं विचारावंसं वाटेल. विचारू नका, त्याला उत्तर माहीत नाही, तो "सगळी होती म्हणून" एवढंच म्हणेल आणि तुम्हाला राग येईल. त्याऐवजी विचारा, "तुझ्या शेजारी कोण कोण उभं होतं?" आधी गप्प बसेल. मग एक नाव सांगेल, मग दुसरं. त्यातली काही त्याच्याबरोबर आत असतील. पण एखादं पोरगं अजून बाहेर असेल, रोज रात्री दाराशी गाडी वाजली की दचकत असेल. पोलिसांना ते नाव सांगायचं की नाही हे वकिलाशी बोलून ठरवा. पण त्याच्या आईकडे जा. तीही झोपलेली नसेल. दोघी मिळून माझ्याकडे आलात तरी चालेल, दोन्ही मुलांना मी यादीत घेतो.